टक्

पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना
मी सायकल शिकायचं ठरवलं,
आणि अस्मारातल्या प्रत्येकाला अचानक
माझ्या पैशांची काळजी वाटू लागली.

भाऊ म्हणाला, स्वस्तातली घे, लेतेब्रहान,
पडणारच आहेस, तर कमी किमतीचं पड.
शेजारीण म्हणाली, चांगली घे,
उद्या कंटाळलीस तर विकता तरी येईल.
कॉफीच्या दुकानात दोन म्हातारे
माझ्यावरून इतके भांडले
की त्यांच्या माकियातोवर साय धरली.
या शहरात सायकलीवर मत नसलेला माणूस
मला तरी भेटलेला नाही.

मी मेदेबेरच्या बाजारात गेले.
तिथे काहीच मरत नाही,
तेलाच्या डब्याची चूल होते, टायरची चप्पल.
मला तीन सायकलींची मिळून एक सायकल मिळाली:
सांगाडा एकीचा, चाकं दुसरीची,
आणि घंटी कुणाची, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.
निळा रंग इतका ताजा
की घरी पोचेपर्यंत तळवे निळे.

मग शिकणं.
पहाटे, धुकं ताडांच्या कमरेपर्यंत असताना,
शाळेतल्या पोरांनी पाहू नये म्हणून.
मी भूगोल शिकवते;
चढ म्हणजे काय, हे फळ्यावर सोपं असतं.

ती डावीकडे ओढायची. मला वाटे, माझाच तोल डावा.
पायडलच्या दर फेऱ्याला एकदा टक्.
मला वाटे, गुडघा.
गुडघ्याला तेल चोळलं,
रात्री मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसले,
आणि स्वतःची समजूत घातली
की सगळ्यांनाच सगळं जमत नाही.
तीन महिने.

एका सोमवारी पंक्चर घेऊन ओक्बाझगीकडे गेले.
म्हाताऱ्याने काही विचारलं नाही.
'ती होईस्तोवर ही ने,' म्हणत
आपली करडी सायकल पुढे केली.
सीटचं चामडं त्याच्याच बसण्याच्या आकाराचं,
रंग कधीच उडालेला, पण ब्रेक दाबला की
शब्दाला जागणाऱ्या माणसासारखी उभी राहणारी.

चर्चच्या चौकापर्यंत गेले.
टक् आला नाही.
मी वाट पाहिली. तरी नाही.
चढावर पाय मारला
आणि पाय मारल्याएवढी पुढे गेले,
ना कमी, ना उपकार.
चढ संपला तिथे उतरले, फुटपाथवर बसले,
आणि खरं सांगते, आनंद नाही झाला.
राग आला.
तीन महिने मी निरपराध गुडघ्यांना
शिव्या घातल्या होत्या.

ओक्बाझगीला हिची किंमत विचारली.
तो हसला. माझा पाच महिन्यांचा पगार.
'आणि तुझ्याकडे असती,' म्हणाला,
'तर अजून चादरीखाली असती.
दंतवैद्याची बघ, चार वर्षं झाली,
हँडलवरचा कागद त्याने फाडलेला नाही.'
निळीला पालथी घातली,
जुन्या डब्यातली दोन बेअरिंग, एक खीळ,
ब्रेकचे रबर मात्र कोरे.
'पैसे घालायचेच तर थांबण्यात घाल.
पळायला उतार शिकवतो, फुकटात.'

अजून ती जरा डावीकडे ओढते.
ती ओढते हे मला ठाऊक आहे,
एवढ्यावर मी सरळ जाते.

परवा भाची रहवा आली, नोटा रुमालात बांधून.
'आत्या, स्वस्त की चांगली?'
भूगोलाच्या बाईंना शोभेल असं
लांबलचक उत्तर माझ्यापाशी होतं.
पण आम्ही दुकानाबाहेर उभ्या होतो,
करडी भिंतीला टेकलेली,
आणि ओक्बाझगी आत दुपारचा झोपलेला.
'आधी हिच्यावरून चौकापर्यंत जाऊन ये,' म्हटलं,
'मग जी काय घेशील तिच्यात
दुखणं तुझं किती, लोखंडाचं किती,
तेवढं तरी कळेल.'

ती गेली.
तासभर आली नाही.
ओक्बाझगी डोळे चोळत बाहेर आला,
भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी निळीची घंटी वाजवली.
दुसरं काय करणार.